प्रतिसर्पविष : भारतातील इतिहास

प्रतिसर्पविष : विषारी सर्पाच्या दंशावर द्यावयाचे, त्या सर्पाच्या विषाविरुद्ध दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांनी युक्त असे औषध. घोड्याला सर्पविषाच्या क्रमाने वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून ते मिळवितात. व्यवहारात त्याला ‘सर्पदंशाची लस’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तो दिशाभूल करणारा आहे. लसीमुळे शरीर स्वतःचे प्रतिपिंड तयार करते व त्यास काही आठवडे लागतात. येथे घोड्याने तयार केलेले प्रतिपिंड रोग्यास आयते दिले जातात. म्हणून ते तत्काळ कार्य करू लागतात आणि काही दिवसांतच शरीरातून नाहीसेही होतात. एकदा प्रतिसर्पविष घेतलेल्या मनुष्यास पुढील दंशापासून संरक्षण मिळत नाही, ते यामुळेच.

सर्पविषावर याखेरीज दुसरे खात्रीचे विशिष्ट औषध अद्याप वापरात आलेले नाही. या औषधाचे तत्त्व १८९४ मध्ये सिद्ध झाले आणि पुढील दहा वर्षांत त्याच्या मर्यादाही मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत स्पष्ट झाल्या. असे असूनही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मृत्यू पावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत करण्यात आला. औषध ठाऊक असूनही एवढे मृत्यू का होतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या औषधाच्या इतिहासातच सापडते.

पूर्वपीठिका : भारतीय वैद्यकात सर्पविषाचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषारी सर्पांचे दर्वीकर, मंडली व राजिमंत असे प्रमुख वर्ग केले आहेत. फणा असलेले ते दर्वीकर, अंगावर मंडले असलेले ते मंडली व रेघा असलेले ते राजिमंत. नाग, घोणस व मण्यार यांच्याशी हे वर्ग स्थूलमानाने जुळतात. प्रत्येक वर्गाच्या दंशाची लक्षणे वेगळी असतात हे त्यात नमूद आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. दंशाच्या वर घट्ट बंध बांधणे, दंशस्थान छेदणे, चोखणे व डागणे हे त्यातील तातडीचे उपाय विसाव्या शतकातही खेडोपाडी चालू होते.

आधुनिक अभ्यासाचा प्रारंभ पॅट्रिक रसेल यांच्यापासून मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील या वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांवरील आपला सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध केला. घोणशीला इंग्रजीत त्यांचेच नाव मिळालेले आहे. कुत्री व कोंबड्या यांवर त्यांनी विषाचे प्रयोग केले आणि दक्षिणेत त्या काळी प्रसिद्ध असलेल्या सोमलयुक्त ‘तंजावर गोळी’चीही परीक्षा केली. त्यानंतर कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सेचे प्राध्यापक जोसेफ फेरर यांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून १८७२ मध्ये भारतातील घातक सर्पांवर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. मुळ्या, सर्पमणी, मंत्रोपचार यांबरोबरच युरोपीय डॉक्टरांनी सुचविलेले उपायही त्यांनी एकाच कसोटीवर पारखले. मेलबर्नचे प्राध्यापक जॉर्ज हॅलफर्ड शिरेत अमोनिया टोचण्याचा पुरस्कार करीत होते. तोही निरुपयोगी ठरला. पुरेसे विष अंगात भिनल्यानंतर त्यास उतार म्हणून चालेल असे एकही द्रव्य ज्ञात नाही, असा फेरर यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. त्या काळच्या बाजारातील उतारांची संख्या पाहता तो सांगण्यास धैर्य लागले असले पाहिजे.

फेरर यांनी सरकारी नोंदी मागवून मृत्यूंची मोजदादही केली. १८६९ या एका वर्षात देशाच्या सुमारे निम्म्या भागात ११,४१६ माणसे सर्पदंशाने दगावल्याचे त्यांना आढळले. सरकारने यावर योजलेला उपाय म्हणजे सर्प मारणाऱ्यास बक्षीस. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाच्या दंशाचे प्रमाण फार असल्याने तेथे बक्षिसापायी लाखांच्या संख्येने फुरशी मारली गेली. जांभ्या खडकाच्या कपारीत आणि गवतात राहणारा हा लहानसा साप त्यामुळे कमी झाला नाही. अंडी न घालता थेट पिल्ले देणाऱ्या व एका वेळी अनेक पिल्ले देणाऱ्या सापाचा बंदोबस्त अशा मार्गाने होणे कठीणच होते.

रासायनिक उताऱ्याची आशा मात्र सुटली नव्हती. ब्राझीलचे झ्वांव बातिस्ता लासेर्दा यांनी १८८१ मध्ये पोटॅशियम परमँगॅनेटाची शिफारस केली. परीक्षानळीत ते विषाचा नाश करते, हे खरे आहे. १९०४ मध्ये लॉडर ब्रंटन, फेरर व लेनर्ड रॉजर्स यांनी दंशस्थान चिरून त्यात या द्रव्याचे स्फटिक भरण्याची पद्धत सुचविली आणि त्यासाठी एका टोकाला पाते व दुसऱ्या टोकाला स्फटिकांची डबी असलेले छोटे उपकरणही निघाले. शरीरात पसरलेल्या विषापर्यंत स्फटिक पोहोचत नाहीत, जखम मात्र चिघळते, हे उघड होऊनही अनेक दशके ही पद्धत टिकून राहिली.

प्रतिविषाचा शोध : १८८७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील हेन्री स्यूअल यांनी कबुतरांना खुळखुळ्या सापाच्या जातीतील एका सापाचे विष अत्यल्प मात्रेत पुनःपुन्हा टोचले. काही काळाने ती कबुतरे प्राणघातक मात्रेच्या कित्येक पट विष सहन करू लागली. १८९० मध्ये एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांबाबत प्रतिकारक्षम प्राण्याच्या रक्तरसात (रक्त साखळल्यावर सुटणाऱ्या द्रवात) प्रतिविष असते व ते दुसऱ्या प्राण्याला देऊन वाचविता येते, हे दाखवून दिले. या दोन गोष्टी एकत्र येण्याचा अवकाश होता.

त्या एकत्र आल्या त्या फ्रेंच अंमलाखालील सायगाव शहरात. तेथील पाश्चर संस्थेचे प्रमुख आल्बेअर काल्मेट देवीची व पिसाळरोगाची लस तयार करण्याच्या कामात होते. १८९१ मध्ये बाक लियू भागात मोठा पूर येऊन नाग वस्तीत शिरले; सुमारे चाळीस माणसांना दंश झाला आणि चार दगावली. पकडलेले नाग पिंपात भरून सायगावला पाठविण्यात आले व काल्मेट यांच्या अभ्यासास विषाचा विपुल पुरवठा झाला. आरंभी तेही सुवर्ण क्लोराइडासारख्या रासायनिक उताऱ्यांच्या मागे होते. पुढे पॅरिसला परतल्यावर त्यांनी रक्तरसाचा मार्ग धरला. १० फेब्रुवारी १८९४ रोजी पॅरिसच्या जीवविज्ञान मंडळाच्या एकाच बैठकीत सेझार फिसालिक्स व गाब्रिएल बेर्त्रां यांनी युरोपीय व्हायपर सर्पाबाबतचे आणि काल्मेट यांनी नागाबाबतचे निष्कर्ष मांडले. विषाची सवय झालेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याला वाचवितो, हे दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध झाले होते. १८९५ पासून काल्मेट यांनी लील येथील पाश्चर संस्थेत घोड्यांपासून मोठ्या प्रमाणावर रक्तरस तयार केला व तो वसाहतींमध्ये पाठविला जाऊ लागला.

विशिष्टतेचा वाद : आपला रक्तरस केवळ नागाच्याच नव्हे, तर सर्व सर्पांच्या विषावर चालतो, असा काल्मेट यांचा दावा होता. सर्व सर्पविषांतील मारक द्रव्य मूलतः एकच, अशी त्यांची समजूत होती. हा दावा खरा असता, तर सर्पदंशाचा प्रश्न एका कारखान्याने सुटला असता. त्यास पहिला शह ऑस्ट्रेलियातून बसला. चार्ल्स जेम्स मार्टिन यांना तेथील टायगर स्नेक या सर्पाच्या विषावर लीलचा रक्तरस निष्फळ आढळला. ब्राझीलमध्ये व्हीताल ब्राझील यांनी स्थानिक व्हायपर व खुळखुळे साप यांवर स्वतंत्र रक्तरस तयार करून प्रत्येक रक्तरस आपापल्याच विषावर चालतो हे दाखविले. साऊँ पाउलूजवळची, १९०१ मध्ये स्थापन झालेली बुतांतान संस्था या कार्यातून नावारूपास आली.

भारतापुरता या वादाचा निकाल परळ येथे लागला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या लसीसाठी १८९६ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलविण्यात आली होती. प्लेगच्या धामधुमीतच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन जॉर्ज लँब यांनी येथे सर्पविषाचे संशोधन हाती घेतले. १९०२ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत नाग, घोणस, मण्यार, फुरसे व इतर सर्पांची विषे आणि उपलब्ध रक्तरस यांची परस्परांशी पद्धतशीर गाठ घालून पाहिलेली आहे. नागाच्या विषाविरुद्धचा रक्तरस नागाच्या विषाला निष्प्रभ करतो. घोणशीच्या विषावर त्याचा परिणाम होत नाही, हे त्यांतून निर्विवाद ठरले. याची कारणमीमांसाही लँब यांनी केली. नागाचे विष मुख्यतः तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) आघात करून श्वसन थांबविते, तर घोणशीचे विष रक्तक्लथन (रक्त साखळण्याची क्रिया) बिघडविते. मारक द्रव्येच निराळी असतील, तर एका द्रव्याविरुद्धचा प्रतिपिंड दुसऱ्यावर कसा चालावा? ज्या मार्टिन यांनी ऑस्ट्रेलियात काल्मेट यांचा दावा खोडला होता, तेच १९०५ मध्ये प्लेग संशोधनाच्या निमित्ताने परळच्या याच प्रयोगशाळेत आले व लँबही त्या कामात होते, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे.

घोणशीच्या विषाच्या या गुणधर्माचा पुढे उलट दिशेने उपयोग झाला. लंडनमध्ये आर. जी. मॅकफार्लेन व बी. बार्नेट यांनी १९३४ मध्ये हीमोफिलिया या आनुवंशिक रक्तस्रावी विकारात जखमेतील रक्त थांबविण्यासाठी अतिविरल केलेले घोणशीचे विष वापरून दाखविले. रक्तक्लथनाच्या काही चाचण्यांत ते आजही वापरतात.

लँब यांच्या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ असा की, भारतासाठी भारतातील सर्पांच्या विषापासूनच रक्तरस तयार करणे अपरिहार्य होते. हे काम कसौली येथे सुरू झाले. तेथे १९०० मध्ये पाश्चर संस्था व १९०५ मध्ये केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली होती. नाग व घोणस या दोहोंच्या विषांविरुद्धचा द्विसंयुजी रक्तरस तेथे तयार होऊ लागला आणि दीर्घकाळ तोच देशभर पुरविला गेला. त्यात मण्यार व फुरसे यांचा अंतर्भाव नव्हता. उत्तरेकडील थंड डोंगरावर तयार होणारा हा द्रवरूप रक्तरस उष्ण मैदानांतील दवाखान्यांपर्यंत टिकाऊ स्थितीत पोहोचविणे हीही एक अडचण होती. जिल्ह्याच्या रुग्णालयापलीकडे तो फारसा जात नसे.

मात्रेचा प्रश्न तितकाच गंभीर होता. ह्यू अ‍ॅक्टन व रॉबर्ट नोल्स यांनी कसौली येथे प्रत्यक्ष दंशात नाग किती विष सोडतो याचे मापन करून १९१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्राण्यांवरील प्रयोगांत वापरले जाणारे विष आणि नैसर्गिक दंशातील विष यांत मोठे अंतर असल्याचे त्यातून दिसून आले. रक्तरसाला येणारे अपयश पुष्कळदा रक्तरसाचे नसून अपुऱ्या मात्रेचे असते, हे यामुळे कळले. तथापि एक-दोन कुप्यांवर भागविण्याची सवय सहजासहजी सुटली नाही. औषधाची टंचाई हे तिचे मुख्य कारण होते.

मुंबईतील निर्मिती : परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. साहिबसिंग सोखी हे १९३२ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत संशोधनाबरोबर औषधनिर्मितीवरही भर देण्यात आला. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास संस्थेने नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषांविरुद्धच्या बहुसंयुजी प्रतिसर्पविषाची निर्मिती हाती घेतली. कोकणासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने पाहता फुरसे वगळलेला रक्तरस अपुराच होता. त्यामुळे ही मोठी प्रगती होय. दंश करणारा साप बहुधा ओळखला गेलेला नसतो. अंधारात, भातखाचरात किंवा गवत कापताना दंश होतो आणि साप निघून जातो. अशा वेळी चारही विषांवर चालणारे एकच औषध डॉक्टरांच्या हाती असणे फार सोयीचे ठरले. संस्थेतील पु. ज. देवरस यांनी सर्पांची जोपासना व विषसंकलन यांवर काम केले. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केलेले त्यांचे भारतीय सर्पांवरील इंग्रजी पुस्तक सामान्य वाचकांत मान्यता पावले. १९७५ मध्ये संस्थेचे विभाजन होऊन निर्मितीचे काम शासकीय महामंडळाकडे गेले. प्रतिविषांसाठी लागणारे घोडे पुण्याजवळ पिंपरी येथे ठेवण्यात येतात.

निर्मितीची पद्धत मूलतः काल्मेट यांच्या काळचीच आहे. सापाला पातळ पडदा ताणून बसविलेल्या पात्रावर चावावयास लावून विष मिळवितात व ते सुकवून ठेवतात. फुरशापासून एका वेळी काही मिलिग्रॅमच विष मिळते; एक ग्रॅम शुष्क विषासाठी शेकडो फुरशी लागतात. घोड्याला प्रथम अत्यल्प व नंतर क्रमाने वाढत्या मात्रा काही महिने टोचतात. प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे झाले की, त्याचे रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात आणि रक्तकोशिका घोड्याच्या शरीरात परत सोडतात. पूर्वी रक्तरस जवळजवळ जसाच्या तसा वापरीत. आता पेप्सीन या एंझाइमाच्या साह्याने प्रतिपिंडाच्या रेणूचा अनावश्यक भाग तोडून उरलेला विषबंधक भाग शुद्ध करतात; यामुळे अधिहर्षतेच्या (अ‍ॅलर्जीच्या) प्रतिक्रिया कमी होतात, नाहीशा होत नाहीत. गोठवून शुष्क केलेले औषध शीतपेटीवाचूनही दीर्घकाळ टिकते. दुर्गम भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते ठेवता येऊ लागले ते या सुधारणेमुळे. तिचे महत्त्व रक्तरसाच्या मूळ शोधाखालोखाल मानावयास हरकत नाही.

भारतीय प्रमाणानुसार १ मिलि. औषधाने नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०·६० मिग्रॅ., तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०·४५ मिग्रॅ. विष निष्प्रभ झाले पाहिजे. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिग्रॅ. विष सोडते असे मानले, तर १० मिलि.च्या सुमारे दहा कुप्या लागतात. प्रचलित उपचारपद्धतीत आरंभीची मात्रा यावरूनच ठरविलेली आहे. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा देतात. कारण साप माणसाचे वय पाहून विष सोडीत नाही. रक्त साखळते किंवा नाही हे पाहण्यासाठी स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलविता ठेवण्याची साधी चाचणी खेड्यातील दवाखान्यातही करता येते. औषध शिरेतून द्यावे लागते व प्रतिक्रिया आल्यास वापरावयाचे अ‍ॅड्रेनॅलीन हाताशी ठेवावे लागते. प्रतिक्रियेच्या भीतीने प्रतिसर्पविष देण्याचे टाळून रोग्यास पुढे पाठविण्यात बहुमोल वेळ जातो.

मण्यारीच्या दंशाचे वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि पुढे श्वसनाचे स्नायू निकामी होतात. तैवानमधील सी. सी. चँग व सी. वाय. ली यांनी १९६३ मध्ये मण्यारीच्या एका जातीच्या विषातून बंगारोटॉक्सिने वेगळी केली. त्यांपैकी बीटा प्रकार तंत्रिकेच्या टोकालाच इजा करतो आणि झालेली इजा प्रतिसर्पविषाने भरून निघत नाही. ती आपोआप बरी होण्यास काही दिवस लागतात. म्हणून उशिरा आलेल्या रोग्याला कृत्रिम श्वसन चालू ठेवणे हाच खरा आधार असतो. नागदंशातील अंगघातावर मात्र निओस्टिग्मिनासारख्या औषधाचाही उपयोग होतो.

विषसंकलनाचे स्थान : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पाठोपाठ आलेल्या सर्पचर्माच्या निर्यातबंदीने तमिळनाडूतील इरुळा या आदिवासी जमातीचे उपजीविकेचे साधन गेले. सर्प शोधण्याचे या जमातीचे कौशल्य विलक्षण आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या प्रयत्नाने १९७८ मध्ये इरुळा सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था नोंदण्यात आली. चेन्नईच्या दक्षिणेस वडनेम्मेली येथे पकडलेले साप काही आठवडे ठेवून, विष काढून, खूण करून पुन्हा रानात सोडतात. कातड्यासाठी साप मारणारे हात सापाला जिवंत ठेवून विष मिळवू लागले. २०२३ मध्ये या जमातीतील वडिवेल गोपाल व मासी सडैयन यांना पद्मश्री हा किताब मिळाला. देशातील प्रतिसर्पविषासाठी लागणारे बहुतेक विष दीर्घकाळ या एका संस्थेतूनच आले आहे.

परंतु येथेच लँब यांचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे बदलते. श्रीलंका व दक्षिण भारत येथील घोणशीच्या दंशात रक्तस्रावाबरोबर पापण्या मिटणे यांसारखी अंगघाताची लक्षणे दिसतात. म्यानमारमध्ये पोष ग्रंथीत रक्तस्राव होतो. राजस्थानातील फुरसे ही वेगळी उपजाती असून तिच्या दंशावर प्रचलित औषध पुष्कळदा कमी पडते. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील, विशेषतः केरळातील, आखूड नाकपुडा वर वळलेल्या हिप्नाली या लहान सर्पाच्या दंशाने वृक्क (मूत्रपिंड) निकामी होऊ शकते. त्याचे विष चौघांत मोडत नाही व औषध त्यावर चालत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चौघांबाहेरील सर्पांच्या विषांवर बाजारातील औषधे तपासली, तेव्हा पूर्व भारतातील एकचक्री नाग व पश्चिमेकडील सिंधी मण्यार यांबाबतही उणिवा आढळल्या. तमिळनाडूच्या एका किनारपट्टीवर गोळा केलेल्या विषापासून बनविलेले औषध बंगालच्या किंवा राजस्थानच्या सापावर तितकेच प्रभावी असेल, ही अपेक्षा काल्मेट यांच्या समजुतीचीच लहान आवृत्ती म्हणावी लागते.

विशिष्टतेकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम सर्वांत ठळकपणे आफ्रिकेत दिसला. तेथील फुरशाच्या जातीसाठी म्हणून भारतात तयार झालेले स्वस्त औषध एकविसाव्या शतकाच्या आरंभी घाना व चाड या देशांत वापरात आले. घानातील एका रुग्णालयात दंशितांच्या मृत्यूचे प्रमाण १·८ टक्क्यांवरून १२·१ टक्क्यांवर गेल्याचे २००८ मध्ये नोंदविले गेले.

प्रतिसर्पविष आणि रोगी : औषधाचे गुणदोष हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग रोगी औषधापर्यंत पोहोचण्याचा. रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेले मृत्यूंचे आकडे वर्षानुवर्षे लहान दिसत. २००१–०३ मधील मृत्यूंची घरोघर चौकशी करून केलेल्या पाहणीवरून २००५ या वर्षासाठी सुमारे ४५,९०० मृत्यूंचा अंदाज बांधण्यात आला; तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि ७७ टक्के रुग्णालयाबाहेर झालेले होते. रुग्णालयाच्या नोंदवहीत न आलेला मृत्यू औषधाच्या मागणीतही मोजला जात नाही. मागणी कमी दिसली की, पुरवठाही कमी होतो. फेरर यांचा १८६९ चा आकडाही याच कारणाने कमी असावा. अनवाणी शेतात जाणारा मजूर, जमिनीवर झोपणारे मूल, रात्री वाहन न मिळणारे गाव आणि प्रथम मांत्रिकाकडे जाण्याची रीत ही या मृत्यूंची नेहमीची पार्श्वभूमी आहे. विषारी सर्पाच्या प्रत्येक दंशात विष सोडले जातेच असे नाही. निर्विष दंशातून माणूस आपोआप बरा झाला की, श्रेय मांत्रिकाला मिळते आणि पुढचा रोगी तिकडे वळतो. आवळबंध, चिरणे व चोखणे आता निषिद्ध मानतात. दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर करून रोग्यास चालू न देता रुग्णालयात नेणे एवढाच प्रथमोपचार सांगितला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पविषबाधेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला व २०१९ मध्ये मृत्यू आणि अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात प्रादेशिक विष केंद्रांची तरतूद आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाचे रोगी व मृत्यू यांची सक्तीने नोंद करण्याविषयी केंद्राने राज्यांना लिहिले.

घोड्यावाचून प्रतिपिंड तयार करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. भारतीय विज्ञान संस्था व अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये नाग व मण्यार यांच्या कुलातील अनेक सर्पांच्या एका प्रमुख तंत्रिकाविषावर चालणारा कृत्रिम मानवी प्रतिपिंड उंदरांवर यशस्वी झाल्याचे दाखविले. घोणस व फुरसे यांच्या विषांतील रक्तावर कार्य करणारी एंझाइमे मात्र तंत्रिकाविषांहून अगदी निराळी असल्याने त्यांच्यासाठी वेगळे प्रतिपिंड शोधावे लागणार आहेत.